त्रेचाळीस नंबरच्या जागेवर

बारामतीच्या कोर्टात साहेब दुपारी जेवायला उठले की ओसरीवर जरा हवा खेळते. मी दप्तराला टेकून पाय पसरतो, आणि नेमका त्याच वेळी कुणीतरी बागाईतदार मुलाला घेऊन समोर येऊन बसतो. पोरगा बी.ए.ला बसलाय किंवा बसणार आहे, त्याला वकिलीला घालायचं म्हणतोय, तर कसं करावं, अशी चौकशी असते. हा प्रश्न खरा विचारायचा माझ्या चुलतभावाला, कारण या कोर्टात वकील तो आहे. मी त्याचा कारकून. पण तो चष्मा पुसत म्हणतो, "दादाला विचारा. त्याला आत जायचा रस्ता पण ठाऊक आहे आणि बाहेर यायचा पण."

मग मी सांगायला लागतो. इतक्यांदा सांगितलंय की आता सांगताना डोळे मिटले तरी चालतं. आधी बी.ए. पदरात पडायला हवं. पूर्वी कमी शिकलेल्यांनाही एक परीक्षा देऊन जिल्ह्यापुरती वकिली करता यायची, पण तो रस्ता आता बुजत आलाय, त्याच्या नादी लागू नका. जूनमध्ये पुण्याला कॉलेजचा फॉर्म भरायचा. त्याला बी.ए.चा दाखला जोडायचा आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला जोडायचा. दोन वर्षं, दोन परीक्षा. दर वर्षाच्या दोन टर्म. हजेरी पुरेशी भरली तर प्रिन्सिपॉल टर्म मंजूर करतात, आणि टर्म मंजूर झाली तरच परीक्षेला बसता येतं. हे नीट ऐका, असं मी दोनदा म्हणतो. पुढं सनद. सनद मिळाली की तालुक्याला वकिली करा, जमलं तर मुन्सफ व्हा, एखाद्या संस्थानात दरबारची नोकरी बघा, सरकारी खात्यात चिकटा, नाहीतर मास्तर व्हा. आणि यातलं काहीच जमलं नाही तर वकिलाचा कारकून होता येतं, पण ती जागा सध्या मी अडवून बसलोय.

एवढ्यावर लोक हसतात आणि उठतात. एकदा एका म्हाताऱ्यानं मात्र विचारलं, "टर्मचं तुमी दोन डाव सांगितलं. त्यात एवढं काय हाय?"

त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, डाव्या कालव्याच्या शेपटाकडं. कालव्याच्या तोंडाकडच्या लोकांना पाणी दिसतं आणि आम्हाला ओल दिसते. तेव्हा, म्हणजे सन तीसनंतरच्या त्या वर्षांत, आमच्या घरात दोन बी.ए. होते. चुलतभाऊ पहिल्या फटक्यात दुसऱ्या वर्गात पास झालेला. मी तिसऱ्या फटक्यात, आणि वर्गाचं विचारू नका. माझे वडील, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणे, त्यांनी ठरवलं की घरात एक वकील पाहिजे आणि एक माणूस मोसंबीच्या बागेला पाहिजे. कोण कुठं जाणार यावर फार चर्चा झाली नाही. चुलतभाऊ दिवसाला चार वाक्यं बोलायचा, त्यातली दोन बैलांशी. मी अखंड बोलायचो. तात्या म्हणाले, वकिलाला तोंड लागतं. मीही मान डोलावली. चुलते लवकर गेलेले, त्यामुळं चुलतभावाच्या वतीनं बोलणारं घरात कुणी नव्हतं, आणि त्याचं स्वतःचं बोलणं तर मी वर सांगितलंच. त्या वेळी मला यात काही वावगं दिसलं नाही. आता कोर्टात रोज वाटणीच्या कैफियती वाचतो तेव्हा दिसतं.

मी पुण्याला गेलो. माझा हजेरीचा नंबर पडला त्रेचाळीस. पहिला आठवडा उत्साहात गेला, आणि नंतर असा कंटाळा आला म्हणता, की खोलीपासून कॉलेजपर्यंतचा रस्ता दर दिवशी थोडा थोडा लांबत जातोय असं वाटायचं. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांमागं गुलाम कसा सोडावा हे इंग्रजीतून शिकून मी इंदापूरला काय करणार होतो, हे मला कळेना. मी शेवटच्या बाकावर बसायचो. नंबर पुकारला की "येस सर" म्हणायचं आणि भिंतीला डोकं टेकायचं, एवढंच माझं शिक्षण. वर्गात शंभराच्या वर मुलं, हजेरी घेणारा मान वर करत नसे.

घरी मात्र मी चार महिन्यांतच वकीलसाहेब झालो होतो.

संक्रांतीच्या आधी तात्यांचं कार्ड आलं. आमच्या चारीवर, म्हणजे कालव्याच्या फाट्यावर, पाण्याची भानगड झाली होती. समोरच्या काठाचा, जरा वरच्या अंगाचा बागाईतदार आपलं पाण्याचं दार पाळी संपल्यावरही उघडं ठेवायचा आणि आमच्या पाळीला पाणी पोचायचंच नाही. बागेला ताण दिलेला होता, म्हणजे झाडांनी पान गाळून विसावा घ्यावा म्हणून पाणी तोडलेलं होतं. ताण फोडायच्या दिवशी पाणी हातात नसलं तर बहार गेला. तेव्हा वकिलानं ताबडतोब यावं आणि कालव्याच्या साहेबाला कायदेशीर अर्ज करावा, असं कार्डात होतं. मला सुटकेचा आनंद झाला. हजेरीचा विचार मनात आला, नाही असं नाही, पण आठ-दहा दिवसांनी काय बिघडतंय म्हणून मी निघालो.

दौंडला गाडी बदलून छोट्या गाडीनं बारामतीला उतरलो, तर फलाटावर चुलतभाऊ उभा. हातात पिशवी, डोक्याला स्वच्छ पटका. मला वाटलं, न्यायला आलाय. तो म्हणाला, "मी पुण्याला चाललोय. तुज्या जागेवर."

तात्यांनी त्याला पाठवला होता. यात त्यांना अजब असं काहीच वाटलं नव्हतं, आणि कालव्यावरच्या कुणालाही वाटलं नसतं. पाण्याची पाळी घराची असते. ज्याच्या पाळीला दारावर माणूस नसेल त्याचं पाणी कालव्याचा पाटकरी खालच्याला सोडून देतो. म्हणून बाप आजारी असला तर मुलगा उभा राहतो, मुलगा नसला तर पुतण्या. दारावर घरचं माणूस दिसलं म्हणजे झालं. तात्यांनी पुण्याच्या कॉलेजलाही तोच हिशोब लावला. मी आठ-दहा दिवस पुण्याबाहेर राहणार, जागा मोकळी पडणार, आणि मागं टपून बसलेला कुणीतरी ती घेणार. बागेला ताण, म्हणजे चुलतभावाला काम नाही. तेव्हा त्यानं जाऊन उभं राहावं.

गाडी सुटायला वेळ होता. चुलतभावानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "दादा, हे चालतं का रं?"

आता इथं मी खरं बोललो असतो तर माझं आयुष्य निराळं झालं असतं, त्याचंही. मला ठाऊक होतं की हे चालत नाही. पण मला कंटाळा आला होता, आणि घरातला कायद्याचा जाणकार म्हणून माझी ऐट होती. मी म्हणालो, "कायदा तू शिकतोयस का मी? चालतं." मग त्याला माझा नंबर सांगितला, खोलीची किल्ली दिली, अंगातला कोट काढून त्याच्या अंगात घातला आणि बजावलं की शेवटच्या बाकावर बस, येस सर म्हण आणि गप राहा. गप राहण्याची सूचना त्याला करायला नको होती, पण शेवटच्या बाकाचं त्यानं ऐकायला हवं होतं.

घरी माझं स्वागत जोरात झालं. दुसऱ्या दिवशी मी चारीवर जाऊन उभा राहिलो, दोन्ही दारं बघितली, आणि मग इंग्रजीत सात पानी अर्ज लिहिला. त्यात मी रोमन लोकांनाही आणलं. अर्जाचं सार एवढंच होतं की उजव्या हाताचं दार खुलं ठेवावं आणि डाव्या हाताचं दार चौकशी होईपर्यंत बंद करावं. तात्यांनी गावातल्या चार माणसांना बोलावून तो अर्ज माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला. कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळं सगळ्यांना तो पसंत पडला.

कालव्याच्या कचेरीत अर्ज वर्षानुवर्षं पडून राहतात. माझ्या अर्जावर मात्र पाचव्या दिवशी हुकूम झाला. पाटकरी आला आणि त्यानं आमचं दार बंद करून कुलूप लावलं.

झालं होतं असं, की चारीचा डावा-उजवा हात पाणी वाहतं तिकडं तोंड करून धरतात. हे आमच्या गावात लंगोटातल्या पोरालाही ठाऊक असतं. मी तक्रार वरच्या अंगाला आहे म्हणून वरच्या अंगाला तोंड करून उभा राहिलो होतो. आमचं दार माझ्या उजव्या हाताला होतं, आणि माझा उजवा हात हा कालवा खात्याचा डावा हात होता. अर्जाखाली सही माझी, मुद्दा स्पष्ट, विनंती मंजूर.

तात्या एवढंच म्हणाले, "एवढं शिकून कुणीकडं त्वांड करून हुबा ऱ्हायलास?"

मग मी पहिला अर्ज रद्द व्हावा म्हणून दुसरा अर्ज केला आणि दुसऱ्याचा खुलासा म्हणून तिसरा. आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. ताण फोडायचा दिवस येऊन गेला. झाडं वाळत चाललेली मी रोज बघत होतो आणि रोज कचेरीत जाऊन बाकावर बसत होतो, आणि तिथला शिपाई मला रोज नव्यानं विचारत होता की काम काय. शेवटी तात्यांनी सांगितलं, तू जा आणि त्याला पाठव.

पुण्याच्या खोलीत शिरलो तर मला ती आपली वाटेना. पुस्तकं उघडलेली होती. माझ्या कोऱ्या वह्या भरल्या होत्या. चुलतभावानं बागेचं विचारलं, मी सांगितलं, आणि तो पहिल्या गाडीनं निघाला. जाताना एवढंच म्हणाला, की वह्यांत सगळं लिहून ठेवलंय, रोमन कायद्याचं जरा बघून जा. मी अर्थातच बघितलं नाही. गावी पोचल्यावर त्यानं काय केलं ते मला मागाहून समजलं. त्यानं अर्ज लिहिलाच नाही. कालव्याच्या साहेबाला चारीवर नेलं, पाण्याकडं तोंड करून उभं केलं आणि कुलूप दाखवलं. संध्याकाळच्या आत दार उघडलं. अर्धा बहार हाती लागला.

इकडं मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि शेवटच्या बाकावर जाऊन भिंतीला डोकं टेकलं. हजेरी झाली. रोमन कायद्याचे प्रोफेसर जाड चष्म्याचे, म्हातारे, सहसा कुणाकडं न बघणारे. त्यांनी पुढच्या बाकाकडं बघितलं, मग इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणाले की त्रेचाळीस नंबरनं मागच्या तासाचा मुद्दा पुरा करावा.

मी उभा राहिलो. वर्गात कुणीतरी हसलं. प्रोफेसर म्हणाले, तुम्ही बसा, मी पुढच्या बाकावरच्या त्रेचाळीस नंबरला विचारतोय.

शेजारच्या मुलानं मला हळू आवाजात सगळं सांगितलं. चुलतभावाला मागून ऐकू येईना म्हणून तो तिसऱ्याच दिवशी पुढं जाऊन बसला होता. नंतर एकदा विषय निघाला तो दुसऱ्याच्या शेतातून पाणी नेण्याच्या हक्काचा. रोमन लोकांतही तो होता म्हणे. प्रोफेसरांनी विचारलं की शेत विकलं तर तो हक्क कुणाकडं जातो, विकणाऱ्याकडं राहतो का घेणाऱ्याकडं जातो. पुस्तक पाठ असलेली मुलं अडखळली. चुलतभाऊ उभा राहिला आणि तुटक इंग्रजीत म्हणाला की हक्क जमिनीच्या मागं जातो, माणसाच्या नाही. प्रोफेसरांनी कारण विचारलं. तो म्हणाला की पाटाला मालकाचं नाव कळत नाही, शेताचा उतार कळतो. तेव्हापासून प्रोफेसर तासाला येताना आधी पुढच्या बाकाकडं बघायचे. सहा महिने मी ज्या नंबरवर झोपलो होतो तो नंबर पाच आठवड्यांत वर्गात गाजला होता, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

तासानंतर शिपाई मला घेऊन प्रिन्सिपॉलांच्या खोलीकडं निघाला. जिना चढताना मी एक बचाव रचला. तो चांगला होता, आजही मला वाटतं. मी गावी आजारी होतो. चुलतभाऊ पुण्याला कोट न्यायला आला होता. वर्गात बसण्याचा उद्योग त्यानं आपल्या मनानं केला, मला कल्पना नव्हती. असं म्हटलं असतं तर ताकीद मिळून मी सुटलो असतो. फक्त चुलतभावाचं नाव कॉलेजच्या वहीत चढलं असतं, आणि मग वर्तणुकीचा दाखला घेऊन तो पुढं कुठल्याच कॉलेजच्या दारात उभा राहू शकला नसता. त्याला कधी उभं राहायचं आहे का, हे मला माहीत नव्हतं. पण भरलेल्या वह्या मी बघितल्या होत्या.

प्रिन्सिपॉलांनी वही उघडली, टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "तुमच्या जागेवर बसत होता तो कोण?"

माझा बचाव तोंडाशी होता. आणि तिथं मला एकदम फार थकल्यासारखं झालं. त्यागबिग काही नव्हता, तसं कुणी समजू नये. पाच आठवडे मी एक चूक दुसऱ्या अर्जानं आणि दुसरी तिसऱ्या अर्जानं झाकत आलो होतो, आणि आता चौथा अर्ज लिहायचं अंगात त्राण नव्हतं. मी म्हणालो, "माझा भाऊ, सर. त्यानं मला विचारलं होतं की हे चालतं का. मी सांगितलं चालतं. कायदा मी शिकत होतो, तो नाही."

"आणि तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

ते इतका वेळ इंग्रजीत बोलत होते, आता मराठीत आले. म्हणाले, "अहो, तुमच्या भावानं वर्गात सांगितलं ना, पाण्याचा हक्क जमिनीच्या मागं जातो म्हणून? हजेरी जमिनीच्या मागं जात नाही. ती माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते. तुमची टर्म मंजूर होणार नाही. नाव कमी करतो. भावाचं नाव सांगा."

टाक वहीवर टेकलेला होता. मी म्हणालो, "ते जूनमध्ये फॉर्मवर दिसेल, सर. तेव्हा लिहायचं तर लिहा."

मग त्यांनी टाक पुसून दौतीशेजारी आडवा ठेवला आणि मला जायला सांगितलं. वकील म्हणून मी चालवलेला हा एकच खटला. पक्षकार हजर नव्हता, त्याला त्याची खबरही नव्हती.

घरी सांगणं जास्त जड गेलं. तात्या बागेच्या बांधावर बसले होते, चुलतभाऊ झाडांभोवतीची आळी ओढत होता. मी सगळं सांगितलं. तात्यांना एकच गोष्ट कळेना.

"दारावर घरचं माणूस हुतं की. मंग पाळी गेली कशी?"

"तिथं घराची पाळी नसते तात्या. माणसाची असते. माझी गेली. याची अजून आलेली नाही."

तात्या चुलतभावाकडं बघायला लागले, जसं काही तो आत्ताच कुठून तरी आलाय. "ह्याला बोलता कुठं येतं?"

मी म्हणालो की पाच आठवड्यांत हा वर्गात मोजकंच बोलला आणि म्हातारा प्रोफेसर अजून त्याला शोधतोय. मी जन्मभर बोलतोय, आणि मला कुणी शोधलं ते फक्त काढून टाकायला. चुलतभाऊ खोरं टेकून उभा होता. म्हणाला, "बाग कोण बघंल?"

"मी."

"मंग बाग बी जाईल," तो म्हणाला, आणि परत आळी ओढायला लागला. पण त्या दिवशी त्यानं एकच आळं तीनदा ओढलं, हे मी बघितलं.

जूनमध्ये फॉर्म मी भरला, कारण घरात तो भरायचा अनुभव मलाच होता. त्याच्याबरोबर पुण्यालाही गेलो, पण प्रिन्सिपॉलांच्या दाराबाहेर थांबलो. आत काय झालं ते त्यानं मला बाहेर आल्यावर एका वाक्यात सांगितलं. त्यांनी फॉर्म वाचला, आडनाव वाचलं, गाव वाचलं, वर बघितलं आणि विचारलं, "या वेळी वर्षभर तुम्हीच येणार ना?" तो हो म्हणाला. दाखल करून घेतलं.

दोन वर्षं बाग मी सांभाळली आणि त्याचं भाकीत बरंचसं खरं केलं. तो सनद घेऊन बारामतीला आला, आणि तात्यांनी मला बागेतून उचलून त्याच्याकडं दिलं. बागेच्या भल्यासाठी, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून मी दप्तर बांधतो, तारखा लावतो, आणि सकाळच्या मोटारीनं आलेल्या पक्षकारांना पाणी देतो. चुलतभाऊ कोर्टात अजून थोडकंच बोलतो. साहेब लिहायचं थांबवून ऐकतात.

मागं एकदा त्याला ताप भरला होता. ओसरीवर डोकं धरून बसला होता आणि आमच्या खटल्याचा पुकारा झाला. तो म्हणाला, "दादा, तूच जाऊन तारीख माग ना. साहेब ओळखतात तुला."

मी त्याच्या खांद्यावर काळा कोट टाकला, हाताला धरून उठवलं आणि दारापर्यंत नेलं. आत वकिलाचं नाव परत पुकारलं गेलं. आडनाव आमचं दोघांचं एकच, त्यामुळं माझे ओठ अजून आपोआप उघडतात. मी ते मिटले आणि बाजूला सरलो.